निकेलच्या पट्टीवरचा शेंदूर

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी पीथमपूरच्या एका कारखान्यात भट्टीतून दोन पट्ट्या बाहेर काढण्यात आल्या. एक पोलादाची होती, दुसरी निकेलच्या मिश्रधातूची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून दिवाळीच्या सुट्टीसाठी भट्टी विझेपर्यंत दोन्ही शेजारी शेजारी, सारख्याच वजनाखाली होत्या. पोलादाची पट्टी मध्यभागी झुकली होती. निकेलची पट्टी सरळ होती, पण तिला आडवा तडा गेला होता.

ही चाचणी माझ्या थोरल्या बहिणीने लावली होती. त्या कारखान्यात धातू तपासण्याची जी लॅब आहे, तिची ती प्रमुख होती. घरात तिला आम्ही जिजी म्हणतो. मी तेव्हा इंदूरच्या एका हिंदी दैनिकात डेस्कवर होतो. आम्ही दोघे देवासला आबांकडे, म्हणजे वडिलांकडे राहत होतो. जिजी कारखान्याच्या बसने रोज देवासहून धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला कामाला जायची आणि परत यायची. पुढे लिहिलेल्यापैकी जे मी स्वतः पाहिलेले नाही, ते तिने सांगितलेले आहे.

त्या कारखान्यात गिअर तापवून कठीण करतात. गिअर धातूच्या जाळ्यांत भरतात आणि जाळ्या भट्टीत सोडतात. गिअर एकदा भट्टीत जाऊन गिऱ्हाइकाकडे निघून जातो. जाळी रोज जाते. रोज लाल होते, रोज थंड होते. पोलाद लाल तापले की त्याची ताकद झपाट्याने उतरते आणि वजनाखाली ते हळूहळू झुकत जाते. थंड होताना अंगावरची काळी खपली सुटून पडते, तिच्याबरोबर थोडा धातूही जातो. म्हणून पोलादाच्या जाळ्या जाड करतात. जाड जाळी तापवायला गॅस जास्त लागतो. गिअरपेक्षा जाळीच जास्त आग खाते, असे जिजी म्हणायची.

निकेलच्या मिश्रधातूत निम्म्याहून जास्त निकेल असते, बाकी मुख्यतः क्रोमियम आणि लोखंड. तोही तापल्यावर नरम पडतो, पण पोलादापेक्षा बराच कमी. त्याच्या अंगावर धरणारा थर पातळ असतो आणि चिकटून राहतो. त्यामुळे जाळी बारीक करता येते. तुलनेला घेतलेले पोलादही साधे नव्हते. उष्णता सोसण्यासाठीच बनवलेले होते, त्यातही निकेल होते, पण पाचव्या हिश्शाइतके.

हे सगळे पुस्तकांत आहे. कारखान्याच्या व्यवस्थापकांना, ज्यांना सगळे बडे साहेब म्हणत, ते मान्य नव्हते. पुस्तकातली भट्टी वेगळी आणि पीथमपूरची वेगळी, असे त्यांचे म्हणणे होते. जिजीने मागे लागून चाचणीची परवानगी घेतली. साहेबांची अट एकच होती: चाचणी एकदाच होईल. एक पट्टी आमची, एक तुमची.

त्या सोमवारी भट्टीवरच्या फोरमनने चिमट्याने दोन्ही पट्ट्या जमिनीवर ठेवल्या. तो धरमपुरीकडचा माणूस. निकेलच्या पट्टीकडे बघून तो म्हणाला, “मॅडम, आपकी निकेलवाली तो बोल गई.” म्हणजे कामातून गेली.

साहेब खाली आले, त्यांनी बुटाच्या टोकाने पट्टी उलटी केली. “टेढ़ी तो चल जाएगी मॅडम, टूटी नहीं चलेगी. शनिवार तक रिपोर्ट दे दीजिए. लिख दीजिए, निकेल इस काम के लायक नहीं.”

“पहले देख तो लूँ, टूटी क्यों,” जिजी म्हणाली.

“टूटी, क्योंकि कमजोर थी. और जिसको यह नहीं दिखता, उसके पास लॅब क्यों रहे, यह भी शनिवार को सोचेंगे.”

हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांसमोर झाले. म्हणजे शनिवारपर्यंत दोनांतले एक होणार होते. ‘निकेल अयोग्य’ या वाक्याखाली जिजीची सही, किंवा लॅब दुसऱ्याच्या हाती. सही केली असती तर तो विषय त्या कारखान्यात पुन्हा निघाला नसता, आणि धातूच्या बाबतीत तिचा शब्दही कुणी धरला नसता.

मंगळवारी माझी साप्ताहिक सुट्टी होती. मी तिला डबा द्यायला म्हणून पीथमपूरला गेलो. तिने तड्याशेजारचा तुकडा कापून, घासून, आरशासारखा करून सूक्ष्मदर्शकाखाली लावला होता. मला स्टुलावर बसवून ती म्हणाली, “बघ. काय दिसतंय?”

“भेगा.”

“कुठून चालल्यात?”

करड्या रंगाचे, कोपरे असलेले कण एकमेकांना लागून बसलेले दिसत होते. काळ्या रेघा कणांच्या मधून वळणे घेत खाली गेल्या होत्या. एकही रेघ कणाच्या पोटातून गेली नव्हती.

“कण एकही फुटलेला नाही,” जिजी म्हणाली. “मधला सांधा खाल्लाय. वजनाने तुटली असती तर अशी तुटत नाही. शिसं किंवा गंधक. तापलेल्या निकेलला ही दोन्ही चालत नाहीत. तापताना जरा जरी अंगाला लागलेली असली, तरी आत शिरतात.”

“आणि पोलादाला?”

“त्याला एवढं नाही झोंबत. ताकद कमी असली तरी या बाबतीत त्याची कातडी जाड आहे.”

तपासणीच्या यंत्रावर तड्याच्या तोंडाशी शिसे सापडले. भट्टीत शिसे यायचे कारण नव्हते. गिअरवर नव्हते, गॅसमध्ये नव्हते, विटांत नव्हते. मग जिजीने पोलादाची पट्टी उचलून खिडकीपाशी नेली आणि तिरकी धरली. निकेलला जिथे तडा गेला होता, टोकापासून बरोबर तेवढ्याच अंतरावर पोलादावर एक पिवळट डाग होता. डागाला चार हात होते. चारही टोकांशी वळलेले.

दोघांनाही तो ओळखायला वेळ लागला नाही. जिजी म्हणाली, “आबा.”

आबा शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले. देवासच्या एका मारुतीची पूजा आमच्या घराकडे पिढ्यांपासून आहे, ती आता ते करतात. कारखान्यात दसऱ्याची पूजाही काही वर्षांपासून त्यांच्याकडे होती, कारण मंत्र ते शुद्ध म्हणतात आणि लवकर आटपत नाहीत. त्या दसऱ्याला हत्यारे, चिमटे, मापे पाटावर मांडली गेली. फोरमनने लॅबच्या बाहेर गुंडाळून ठेवलेल्या दोन्ही पट्ट्या उघडून पाटावर आणल्या. नवी वस्तू सातिया काढल्याशिवाय भट्टीत जात नाही, अशी तिथली रीत आहे. स्वस्तिकाला माळव्यात सातिया म्हणतात. जिजी तेव्हा पलीकडच्या शेडमध्ये पाहुण्यांसोबत होती. दुसऱ्या दिवशी पट्ट्या भट्टीत ठेवताना तिला केशरी खुणा दिसल्या. तिने त्या स्पिरिटने पुसल्या. थोडा डाग राहिला. पूजेचे ताट कारखान्याचे होते, त्यात बाजारच्या पुडीतला शेंदूर होता. तो नुसता रंग असतो, जळून जाईल, असे तिने धरले.

संध्याकाळी आम्ही घरी पोचलो तेव्हा आबा वाटीत तेल घेऊन शनिवारच्या मारुतीसाठी शेंदूर घोटत बसले होते. जिजी पायातल्या चपला काढतानाच बोलली.

“आबा, दसऱ्याला शेंदूर कुठला लावलात?”

“कुठला म्हणजे? आपला.”

“ताटात होता की कारखान्याचा.”

“होता. बाजूला ठेवला. भुकटी असते ती, होळीची. हातावर घेतली की कळतं, वजनच नाही. खरा शेंदूर जड लागतो.”

“जड लागतो कारण त्यात शिसं असतं.”

“असेल.” आबा घोटत राहिले. “तुमच्या दोन्ही पट्ट्यांवर सुरेख स्वस्तिक बसलं होतं. पुसलं का कुणी?”

“मी पुसलं. पण पुरतं नाही निघालं. एक पट्टी फुटली त्याच्याने.”

वाटी खाली ठेवली गेली. “शेंदराने पट्टी फुटली? अगं, उभा जन्म मारुतीला शेंदूर लावतोय मी. मारुतीला तडा गेला नाही.”

“मारुती दगडाचा आहे, आबा. आणि त्याला कुणी भट्टीत घालत नाही.”

“जीभ आवर. आम्ही मंगल म्हणून लावलं, आणि ही म्हणते आम्ही मोडलं.”

“तुम्ही मोडलं म्हणत नाहीये. शेंदराने मोडलं म्हणतेय. मला थोडा द्या. परत लावून बघायचाय.”

“देवाचा आहे. मिळणार नाही.”

जिजीने फळीवरचा डबा काढला, कागदाच्या तुकड्यावर चिमूटभर शेंदूर घेतला आणि कागदाची पुडी बांधली.

“चोरी आहे ही,” आबा म्हणाले.

“समोर घेतेय, सांगून घेतेय. चोरी कशी?”

त्या रात्रीपासून आबा तिच्याशी बोलेनासे झाले. मीठ हवे असले तर माझ्याकडून मागून घेत.

बुधवारी जिजीने लॅबच्या छोट्या भट्टीत चार तुकडे ठेवले. दोन पोलादाचे, दोन निकेलचे. प्रत्येक धातूच्या एका तुकड्यावर तेलातला शेंदूर लावून स्पिरिटने पुसला, तसाच, जसा दसऱ्यानंतर पुसला होता. दुसरा तुकडा कोरा. तापवून, थंड करून तिने ते एकेक करून वाकवले. निकेलचा कोरा तुकडा दुमडेपर्यंत वाकला, कुठे चीर गेली नाही. शेंदराचा तुकडा अर्ध्यात तडकला. पोलादाचे दोन्ही वाकले. शेंदराच्या पोलादावर वरवरचा खड्डा पडला होता, तेवढेच.

गुरुवारी तिने अहवालाचा कच्चा मसुदा साहेबांसमोर ठेवला. अहवाल इंग्रजीत होता. तड्याचे कारण म्हणून जो शब्द होता, तो मात्र तिने देशीच ठेवला होता: सिंदूर. पुढे रासायनिक नाव. कोणी काय केले तेही होते, पदासह: पट्ट्या फोरमनने पाटावर ठेवल्या, पूजा सांगणाऱ्यांनी खूण काढली, लॅबप्रमुखांनी ती अपुरी पुसली. आणि शेवटी निष्कर्ष: पोलाद ताकदीत कमी पडले, निकेल स्वच्छतेत कमी पडले; पोलादाचा दोष धातूचा आहे, निकेलचा टाळता येण्यासारखा आहे.

साहेबांनी पहिले पान वाचून चष्मा काढला, असे जिजी सांगते.

“सिंदूर? मॅडम, यह रिपोर्ट हेड ऑफिस जाएगी.”

“जाएगी तो पढ़ लेंगे.”

“देखिए, मैं बीच का रास्ता देता हूँ. लिखिए, बाहरी अशुद्धि. आपकी निकेल भी बच गई, मेरी शॉप भी.”

“बाहरी क्या? धूल? पसीना? बारिश? ऐसा लिखूँगी तो अगले दशहरे फिर लगेगा.”

“शॉप के लोग कहेंगे, मॅडम ने पूजा को दोष दिया.”

“पूजा को नहीं, सीसे को दिया है.”

“लोग इतना बारीक नहीं पढ़ते.”

“मैंने बारीक लिखा है. पढ़ना उनका काम.”

साहेबांनी मसुदा परत सरकवला. शब्द काढून आणा, नाहीतर सोमवारी चार्ज द्या, एवढे बोलून ते फोनकडे वळले.

फोरमनला बातमी लागलीच होती. जिजी लॅबमध्ये परतली तर तो दारात उभा. “मॅडम, म्हारो नाम बी लिख्यो?”

“नाम किसी का नहीं. काम लिखा है, पद लिखा है. मेरा भी.”

“लाया तो मैं ही था. लिखो. पर यह भी लिखो कि अच्छे के लिए लाया था.”

“इरादा माइक्रोस्कोप में दिखता नहीं.”

तो हसला. “तो रहने दो. पर अगली बार आप खुद खड़ी रहना पूजा में. हम तो सातिया काढ़ेंगे.”

“मशीन पर काढ़ो. जितना चाहे काढ़ो.”

याच दिवसांत मी डेस्कवर एका सहकाऱ्याला ही हकीकत सांगितली. त्याने तिथल्या तिथे मथळा केला: पूजेने फोडली पट्टी. चार कॉलम, भिया, पहिले पान, तो म्हणाला. बातमी मी दिली नाही. मथळा खोटा होता. पट्टी पूजेने फुटली नव्हती. तो म्हणाला, मग शेंदराने फोडली असा करू. मी म्हटले, कारखान्याने अहवाल स्वीकारला की कर. तो अजून म्हणतो की मी चांगली बातमी मारली.

शुक्रवारी संध्याकाळी साहेबांचा फोन घरी आबांना आला. आबांना कमी ऐकू येते, ते फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात. जिजी तिथेच ओट्याशी होती, मी दारात.

“पंडितजी, प्रणाम. जरा बिटिया को समझाइए.”

“क्या समझाऊँ?”

“वो रिपोर्ट में आपकी पूजा को घसीट रही है. अच्छा लगता है क्या? आप दो लाइन लिखकर दे दीजिए कि सिंदूर असली नहीं था, वो आजकल वाला रंग था. बात खतम. आप भी बरी, हम भी बरी.”

आबांनी फोन जवळ ओढला.

“रंग?”

“हाँ पंडितजी, रंग. पैकेट वाला.”

“साहब, मैं मारुति को रंग लगाता हूँ?”

“नहीं, नहीं, मेरा मतलब...”

“आपके ताट में रंग था. मैंने हटाया. जो लगाया, वो असली सिंदूर था, तेल में घोटा हुआ, और मैंने लगाया, अपने हाथ से. मैं क्यों लिखूँ कि रंग था?”

“पंडितजी, उसी से तो पट्टी टूटी, ऐसा कह रही है वो.”

“तो उसी से टूटी होगी. धातु का उसको आता है. सिंदूर का मुझे आता है. लिखकर चाहिए तो मैं भी यही लिखकर दूँगा.”

साहेब काहीतरी म्हणत होते. आबांनी बोट लावून फोन बंद केला.

“रंग म्हणे,” ते म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळले नाही. मग मंगळवारनंतर पहिल्यांदाच जिजीकडे वळून: “मारुतीचं नाव घातलंयस का त्यात?”

“नाही.”

“आणि स्वस्तिकाचं?”

“खुणेचा आकार म्हणून आहे. मोजमापासकट.”

“असू दे. आकार नीट होता.” आणि थोड्या वेळाने, “शेंदराच्या पुढे खरा असं लिही. नुसतं शेंदूर लिहिलंस तर लोक भुकटी समजतील.”

“रासायनिक नाव लिहिलंय, आबा. त्याचा अर्थ तोच होतो.”

“मग ठीक आहे.”

शनिवारी जिजीने अहवाल सही करून दिला. शब्द तसाच होता. चार तुकड्यांची छायाचित्रे जोडलेली होती, आणि वेगळ्या कागदावर आबांचे हिंदीतले निवेदन: वापरलेला शेंदूर खरा होता, कोठून आणला, किती तेलात घोटला. ते तिने मागितले नव्हते. त्यांनी सकाळी स्वतः लिहून, घडी घालून दिले.

सोमवारी लॅबचा कार्यभार दुसऱ्या अभियंत्याकडे देण्यात आला. जिजीला बाहेरून येणाऱ्या मालाच्या तपासणीवर नेमले. आदेशात कारण दिलेले नव्हते. तिने कारण लेखी विचारले. उत्तर आले नाही. मी तिला म्हटले, देवासमध्येही कारखाने आहेत, बसचा त्रास तरी वाचेल. ती म्हणाली, “मी का जाऊ? पट्टी मी फोडली नाही, अहवाल मी खोटा लिहिला नाही. जायचं असेल त्याने जावं.” ती गेली नाही. रोज तीच बस, तोच कारखाना, दुसरी खोली. जुन्या लॅबवरून जाताना दार उघडे असले तर आत बघून नमस्कार करते, असे तिच्या जागी आलेल्या अभियंत्याने मला एकदा सांगितले. त्याला ते टोचते, असेही तो म्हणाला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी चाचणी पुन्हा लावण्यात आली. साहेबांनी नव्हे, मुख्यालयाने सांगितले म्हणून. या वेळी दोन्ही पट्ट्या भट्टीत जाईपर्यंत लॅबच्या कुलपात होत्या. जिजीला बोलावले नव्हते. पावसाळ्याच्या आधी त्या काढल्या. पोलादाची पट्टी झुकली होती, आधीपेक्षा जास्त. निकेलची सरळ होती. तड्यासाठी ती दोन्ही बाजूंनी तपासली, तडा मिळाला नाही. हे फोरमनने फोन करून जिजीला कळवले. नंतर नव्या लॅबप्रमुखाकडूनही मी ते पडताळून घेतले.

पुढच्या दसऱ्याला पूजेला धारहून दुसरे गुरुजी आले. आबांना निमंत्रण नव्हते. ते त्या दिवशी देवासच्या मारुतीकडे होते. कारखान्यात सातिया भट्टीच्या दारावर काढला गेला. पाटावर हत्यारे होती, जाळ्या नव्हत्या. जिजी पूजा संपेपर्यंत पाटाशेजारी उभी होती.

त्या भट्टीत आता निकेलच्या मिश्रधातूच्या जाळ्या जातात. पहिल्या अहवालातून ‘सिंदूर’ हा शब्द काढून सुधारित प्रत द्यावी, असे मुख्यालयाने जिजीला दोन वेळा कळवले. दोन्ही वेळा तिने मूळ अहवालच पुन्हा पाठवला.